मेक्सिकोतले आफ्रिकी वंशाचे लोक मोजणीत का दिसत नव्हते?

प्रश्न : मेक्सिकोत आफ्रिकी वंशाचे लोक आहेत हे अलीकडेच वाचलं. स्पॅनिश काळातल्या 'कास्ता' उतरंडीशी त्यांचा काय संबंध? आणि पाच वर्षांत त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट कशी झाली?

उत्तर : अठराव्या शतकात मेक्सिकोत कास्तांची, म्हणजे वंशमिश्रणावरून ठरवलेल्या दर्जांची, चित्रं काढली जात. एका मालिकेत बहुधा सोळा चौकटी असत. स्पॅनिश पुरुष आणि मूलनिवासी स्त्री यांचं मूल मेस्तिसो. त्या वंशात पुढच्या दोन पिढ्या स्पॅनिश जोडीदार आला की मूल पुन्हा 'स्पॅनिश' ठरे. आफ्रिकी रक्ताला मात्र ही परतीची वाट नव्हती. आंद्रेस दे इस्लासच्या १७७४च्या मालिकेत तर कृष्णवर्णीय आई नवऱ्यावर हात उगारलेली दाखवली आहे. प्रत्यक्षात चर्चच्या नोंदी इतक्या काटेकोर नसत, पैशाने दर्जाही बदले. १७९५च्या सरकारी दरपत्रकात 'पार्दो'पणातून (म्हणजे आफ्रिकी मिश्र वंशाच्या दर्जातून) सूट मिळवण्याचा भाव ५०० रेआल (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) होता.

स्वातंत्र्यानंतर, १८२२ साली, नोंदवहीत वंश लिहायला बंदी आली. हेतू समतेचा होता, पण त्यामुळे या समाजाची गणतीच थांबली. १८२९ साली गुलामगिरी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकी वंशाचे होते. पुढे विसाव्या शतकात 'आपण सगळे मेस्तिसो' हीच राष्ट्राची ओळख ठरली आणि त्या ओळखीत आफ्रिकी पूर्वजांना जागाच उरली नाही. हा अन्याय मला उघड भेदभावाहून कमी वाटत नाही, कारण तक्रार करायची तरी हाती आकडा नसतो.

आता दुपटीबद्दल. २०१५च्या सर्वेक्षणात सुमारे १३.८ लाख, २०२०च्या जनगणनेत सुमारे २५.८ लाख, म्हणजे २ टक्के. ही वाढ जन्मांची नाही. २०१५ला संस्कृती, इतिहास आणि परंपरेवरून स्वतःला काय मानता असं विचारलं होतं आणि 'अंशतः' असाही पर्याय होता. २०२०ला 'पूर्वजांमुळे' हा शब्द आला, उत्तर हो किंवा नाही एवढंच. म्हणून हे दोन आकडे एका आलेखावर जोडू नका.

दुसरी अडचण शब्दांची. गेरेरो आणि ओआहाका या राज्यांच्या कोस्ता चिका किनाऱ्यावर अनेक जण स्वतःला 'मोरेनो' (सावळा) म्हणवतात. प्रगणकाने 'आफ्रोमेक्सिकन आहात का?' असं विचारलं की तीच माणसं नाही म्हणू शकतात. तरीही २०२०ला गेरेरो राज्यात ८.६ टक्के लोकांनी हो म्हटलं. २०१९च्या घटनादुरुस्तीने या समाजाला नावानिशी मान्यता मिळाली होती, आणि मोजणीआधी समाजातल्या संघटना 'हो म्हणा' असं सांगत फिरत होत्या.