अकरावा आठवडा, पळणं आणि सासूबाईंची काळजी: जरा सविस्तर उत्तर

अगं आधी खूप खूप अभिनंदन! दोन दिवस तुझा प्रश्न डोक्यात घोळत होता, आज मुलं शाळेत गेल्यावर निवांत लिहायला बसलेय, लांबेल, चहा घेऊनच वाच.

तू लिहिलंयस की तीन वर्षं पळतेयस, रविवारी दहा किलोमीटर आरामात होतात, आता अकरावा आठवडा लागलाय, एक डॉक्टर म्हणाल्या सगळं बंद कर, दुसऱ्या म्हणाल्या चालू ठेव पण हार्टरेट 140 च्या वर नको, सासूबाईंना वाटतं पळण्याने पोटाला हिसका बसेल, आणि तुला नवरात्रातला गरबा आणि थंडीतली बडोद्याची मॅरेथॉन दोन्ही समोर दिसतायत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. माझी दोन बाळंतपणं झालीत, चौदा वर्षं कामाटी बागेत पळतेय आणि आमच्या ग्रुपमधल्या सात-आठ जणींना दिवस गेलेले असताना त्यांच्याबरोबर चाललेय, त्या अनुभवावरून आणि माझ्या डॉक्टरांना विचारविचारून जे पक्कं केलं त्यावरून सांगतेय.

तर, सगळं नीट चाललं असेल तर पळू शकतेस. आधीपासून सवय असलेल्या बाईने बेताने पळाल्यामुळे गर्भ पडतो किंवा बाळ आधी येतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. बाळ गर्भाशयाच्या जाड स्नायूच्या आत, पाण्यात तरंगत असतं, पावलाचा हिसका त्याला तसा लागत नाही, हे सासूबाईंना याच शब्दांत सांग, माझ्या सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हाच पटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना बघ, काही अडचण नसलेल्या गरोदर बायकांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं त्यात आहे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. त्याने गरोदरपणातली शुगर आणि बीपी वाढण्याचा धोका कमी होतो.

पण ते "सगळं नीट असेल तर" फार महत्त्वाचं आहे ग. वार (बाळाला रक्त पुरवणारी, नाळ जिला जोडलेली असते ती) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्त जात असेल, जुळी असतील आणि लवकर कळा यायची भीती असेल, बीपी वाढलेलं असेल, हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं दुखणं असेल, तर पळण्याचा विषयच नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि हिमोग्लोबिन! याच्याकडे आपण बायका फार दुर्लक्ष करतो. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात आणि 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना, 52 टक्के, तो निघाला होता. म्हणजे दोघींत एक. रिपोर्ट न बघता पळायला जाऊ नकोस. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या की त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू सरबताबरोबर घे, चहाने लोह अंगी लागत नाही.

आता ते 140 चं. हा आकडा 1985 मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिला होता आणि 1994 मध्ये त्यांनीच तो काढून टाकला, पण अजून फिरतोच आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हृदय नुसतं बसल्याबसल्या मिनिटाला 10-20 ठोके जास्त देतं, त्यामुळे घड्याळातल्या आकड्याचा नेहमीचा अर्थच राहत नाही. त्यापेक्षा बोलून बघ. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्ये श्वास न तुटता. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही गरोदर मैत्रिणीला पळताना काल रात्री काय स्वयंपाक केला ते सांगायला लावतो, वाटाण्याच्या उसळीपर्यंत आली आणि धाप लागली की आम्ही सगळ्याच चालायला लागतो. कुणी तिला एकटीला मागे ठेवत नाही.

माझं पहिलं बाळंतपण 2013 चं. तेव्हा मी पळत होते, तुझ्याएवढीच, आणि मला पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं की आता नऊ महिने जिना सोडून कशाचा व्यायाम नाही. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी सगळ्यांनी दोन जिवांचं म्हणून वाढलं, मी खाल्लं, वजन 19 किलो वाढलं, सातव्या महिन्यात शुगर आली आणि मग रोज बोटाला सुई. नुसत्या आरामामुळे शुगर आली असं मी म्हणणार नाही, माझ्या आईला डायबेटिस आहे. पण ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं, कारण मला काहीही झालेलं नसताना आजाऱ्यासारखं पडायला लावलं. दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नाही ग, चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि एक पेला दूध, झालं.

दुसऱ्या वेळी, 2017 ला, मी प्रश्न लिहून घेऊन गेले. त्या डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं आणि मी सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंत पळले, नंतर चालले. पण चूक केलीच एक, ती नीट सांगते म्हणजे तू करणार नाहीस. मे महिना, अठरावा आठवडा, रात्री झोप झाली नव्हती म्हणून उशिरा उठले, बागेत पोचायला साडेसात वाजले. मळमळ नुकतीच थांबली होती, सकाळी काही खायची सवय गेलेली, तशीच उपाशी निघाले. फुलांच्या घड्याळापर्यंत छान वाटलं. मग कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, समोरची हिरवळ पांढरी दिसायला लागली, ओठ गार. मी कठड्याला धरून खालीच बसले, फरशी इतकी तापलेली की तळहात भाजला. सासूबाई त्या दिवसांत माझ्याबरोबर यायच्या, त्या बँडस्टँडजवळ बाकावर बसायच्या जपमाळ घेऊन, त्यांनी लांबून बघितलं आणि त्या वयात जवळजवळ धावत आल्या. स्टीलच्या बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत होतं ते घोट घोट पाजलं, पदराने वारा घातला, एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, उद्यापासून साडेपाचला निघायचं आणि आधी दोन खजूर माझ्या हाताने खायचे. शेवटपर्यंत खाल्ले.

ऊन हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. तिकडच्या थंड देशांतले सल्ले वाचून आपण पळायला गेलो तर फसतो. अंगाचं तापमान फार वाढणं पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीला बरं नाही, म्हणून ताप असताना, दमट उकाड्यात, दुपारी बंद खोलीत ट्रेडमिलवर, असं काहीही नको. आता जुलै आहे, ऊन कमी पण घाम वाळत नाही, तेही तितकंच दमवतं. आणि पावसात शेवाळलेल्या फरशीवर तर चुकूनही नको, पोट पुढे आलं की तोल बदलतो, सांधेही सैल झालेले असतात. माझी एक मैत्रीण पाचव्या महिन्यात रस्त्याकडेच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून गुडघ्यावर पडली, बाळाला काही झालं नाही पण दिवसभर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली राहावं लागलं. पाऊस असेल तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मार, घरात हॉलमध्ये चाल, काही बिघडत नाही.

तुला पुढे काय काय होईल तेही सांगते. आत्ता पोट दिसत नसतानाही पेस पडला असेल, किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट जास्त लागत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, ते हार्मोनमुळे, तू आळशी झालेली नाहीस. चौथा-पाचवा महिना बहुतेकींना छान जातो. मग कधीतरी पळायला सुरुवात करताना किंवा कुशीवर वळताना जांघेच्या वर एका बाजूला कळ येईल, चमक निघाल्यासारखी, ते गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात म्हणून, थांबलं की जाते. पोटाखालून आधार देणारा बेल्ट मिळतो, त्याने मला खूप बरं वाटलं. शूज एक नंबर मोठे घ्यावे लागतील बहुतेक, पाय सुजतात. आणि एक दिवस असा येईल की पळताना ओटीपोटावर खाली भार आल्यासारखं वाटेल, किंवा लघवीचे थेंब जातील. हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतेय. लाज वाटून घेऊ नकोस, पण त्या दिवसापासून पळणं सोड आणि चालायला लाग. माझा तो दिवस सत्ताविसाव्या आठवड्यात आला, मी वॉच काढून कपाटात ठेवलं आणि सासूबाईंच्या पावलाने चालायला लागले, ते तीन महिने माझ्या आयुष्यातले फार सुंदर आहेत, आम्ही दोघी इतकं कधीच बोललो नव्हतो.

लगेच थांबून डॉक्टरांना फोन करायचा तो कधी, हे पाठ कर: रक्त गेलं, पाणी गेलं, पोट ठराविक वेळाने दगडासारखं होऊन दुखायला लागलं, छातीत दुखलं, चालायच्या आधीच दम लागला, चक्कर, खूप डोकं दुखणं, एका पोटरीत दुखून सूज. बाळाची हालचाल सुरू झाल्यावर ती कमी वाटली तरी फोन. बघू थोडा वेळ, असं यातल्या कशालाच म्हणायचं नाही.

आता गरबा. नवरात्रात तुला साधारण सहावा महिना असेल. मला माहितीय बडोद्यात राहून गरबा नाही म्हणजे काय वाटतं ते! पण मोठ्या मैदानावरच्या आतल्या रिंगणात जाऊ नकोस, तिथे एकदा ठेका वाढला की आपल्या हातात काही राहत नाही, मागून लोट येतो, अनवाणी पायाखाली खडे, रात्री बारापर्यंत उभं राहणं. सोसायटीत कडेकडेने बे ताळी, त्रण ताळी (दोन-तीन टाळ्यांचा साधा गरबा), दहा-पंधरा मिनिटं, मग खुर्ची आणि पाणी, असं डॉक्टर हो म्हणाल्या तर खुशाल कर. उड्या आणि गरगर गिरक्या नको. दुसऱ्या वेळी मला नवरात्रात नववा लागला होता, मी नुसती आरतीला उभी राहिले आणि खुर्चीत बसून टाळ्या दिल्या.

मॅरेथॉनला यंदा नाव देऊ नकोस. बाळंतपणाची जानेवारी अखेरची तारीख आहे तुझी, त्या सुमारास तुझ्या हातात बाळ असेल. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण सगळे देतात, जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, अमेरिकेची धावपटू अलिशिया मोंटान्यो 2014 मध्ये चौतिसाव्या आठवड्यात 800 मीटर धावली, दोघींचं मला फार कौतुक आहे. पण त्यांचं आयुष्यच पळण्यावर उभं होतं ग, आपण स्वयंपाक, नोकरी सांभाळून पळतो, आपलं माप त्यांच्या शेजारी लावायचं नाही. बाळ झाल्यावरही निदान तीन महिने पळायचं नाही असं आता फिजिओ सांगतात, सिझेरियन झालं तर आणखी सांभाळून. तोपर्यंत खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, तो आजपासूनच सुरू कर: लघवी रोखताना आवळतो तसं, पाच-सहा सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडताना होतो. लघवी करत असताना मात्र करून बघू नकोस.

पुढच्या आठवड्यात एनटी स्कॅनला (तिसऱ्या महिन्यातली बाळाची सोनोग्राफी) जाशील तेव्हा तीन गोष्टी वहीत लिहून ने: हिमोग्लोबिन किती, बीपी किती, आणि "मला पळायचंय, माझ्या केसमध्ये नको म्हणण्याचं कारण आहे का?" कारण असेल तर ते ऐक आणि एकही दिवस पळू नकोस. वार कुठे आहे ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पुन्हा विचार, आत्ता खाली दिसली तरी बहुतेक वेळा ती वर सरकते.

सासूबाईंना घेऊन ये एखाद्या दिवशी. मी मंगळवारी आणि शनिवारी पावणेसहाला कामाटी बागेच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडच्या गेटपाशी असते, खजूर असतात माझ्याकडे.