बॉल मित्राच्या लॅपटॉपवर दुप्पट जोरात का पळतो?

विद्यार्थ्याचं पत्र, थोडक्यात: मॅडम, मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक नवीन स्क्रिप्टिंग लँग्वेज सापडलीय, तिच्यात वीसेक ओळींत विंडो, बटणं, ॲनिमेशन सगळं होतं. बाबा म्हणतात असल्या नादाला लागू नकोस, जावा पक्कं कर. मी पूर्ण वेळ हिच्यातच घालू का? थोडे प्रॉब्लेम येतात, मोठी फाईल उघडली की बटणं अडकतात आणि माझा बॉल मित्राच्या लॅपटॉपवर दुप्पट जोरात पळतो, पण लँग्वेज नवीन आहे म्हणून असेल.

अरे, तुझं सगळं पत्र एका दमात वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर अडकले. लँग्वेज नवीन आहे म्हणून नाही रे. हे दोन्ही प्रॉब्लेम तुला जावात आले असते, पायथनमध्ये आले असते, कुठेही आले असते, आणि खरं सांगू तर तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी बॉल. तू बहुतेक दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन दर वेळी नव्याने रंगवताना, बॉल ५ पिक्सेल पुढे ढकलतोयस. तुझा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होत असेल तर झाले ३०० पिक्सेल, मित्राचा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा रिफ्रेश होणारा असेल तर तोच कोड ६०० पिक्सेल पळवतो. म्हणजे तू वेग "दर फ्रेमला" मोजलास, मोजायला हवा होता "दर सेकंदाला". मागच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले ते घे, त्याला ३०० ने गुणायचं, तेवढंच सरकव, बॉल दोन्हीकडे सारखा पळेल. गेमवाले याला डेल्टा टाइम म्हणतात.

आता बटणं. ग्राफिकल ॲपमध्ये साधारणपणे एकच थ्रेड, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा कामगार समज, रांगेपाशी बसलेला असतो, क्लिक आलं, कीबोर्डची कळ दाबली, स्क्रीन परत रंगवायचाय, सगळं त्या एकाच रांगेत येतं आणि तो एकेक काम उरकत जातो. तू बटणाच्या फंक्शनमध्येच मोठी फाईल वाचायला बसवलंस त्याला, मग मागची रांग तुंबणारच! एका फ्रेमला त्याच्या हातात जेमतेम १६ मिलिसेकंद असतात, आणि तुझी फाईल खाते तीन सेकंद. वाचायचं काम बॅकग्राउंडला दे आणि झालं की निकाल परत त्याच रांगेत टाक, दुसऱ्या थ्रेडमधून थेट बटणाला हात लावू नकोस, नाहीतर कधी चालेल कधी क्रॅश होईल आणि कारण सापडता सापडणार नाही.

इंटरव्ह्यूत तुझ्या त्या लँग्वेजचं नावही कोणी विचारणार नाही. "ॲप हँग झालं तर कुठे बघशील" हे मात्र विचारतील.

आता बाबांचा मुद्दा. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. जावाएफएक्स स्क्रिप्ट नावाची एक लँग्वेज होती, सन कंपनीने २००७ मध्ये जाहीर केली, खास असलीच ग्राफिकल ॲप्स झटपट बनवायला, लोकांना आवडलीही. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच वर्षी ती लँग्वेज बंद करायचं जाहीर केलं. पण तिच्यात 'बाइंड' नावाची एक गोष्ट होती, म्हणजे स्लायडर हलवला की त्याला जोडलेला आकडा आपोआप बदलणार, तू वेगळं काही सांगायचं नाही. लँग्वेज गेली तरी ही कल्पना जावाएफएक्स २.० या ग्राफिकल ॲप्सच्या लायब्ररीत साध्या जावात आली, क्यूएमएल या विंडो-बटणं मांडायच्या लँग्वेजमध्ये तर आजही सगळं त्यावरच चालतं. ज्यांना बाइंडिंग कळलं होतं त्यांचं फार काही बुडालं नाही, ज्यांनी फक्त सिंटॅक्स, म्हणजे लिहायचे नियम, पाठ केला त्यांचं बुडालं.

मी स्वतः फ्लॅशच्या काळातली, वेबवरची ॲनिमेशन आणि गेम्स तेव्हा त्यात बनायची. त्याच्या ॲक्शनस्क्रिप्ट या लँग्वेजमध्ये वर्षं घातली आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा सपोर्टच संपला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, जुन्या फाईली अजून जपून ठेवल्यात आणि त्या कशात उघडायच्या हाच प्रश्न असतो. पण टाइमलाइन, इव्हेंट, माउस नेमका कुठल्या आकारावर आहे हे ओळखणं, ते सगळं जावास्क्रिप्टच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपेजवर चित्र काढायच्या जागेवर, जसंच्या तसं कामी आलं.

उलटी उदाहरणंही आहेत हं. लुआ नावाची स्क्रिप्टिंग लँग्वेज १९९३ मध्ये आली तेव्हा तीही नवीनच होती, आज कितीतरी गेम्सच्या पोटात आहे. त्यामुळे कुठली टिकेल यावर पैज लावत बसू नकोस, मलाही लावता येणार नाही. फक्त दोन गोष्टी तपास: रिपोर्ट झालेले बग्ज कोणी सोडवतंय का, की सगळं एकाच माणसाच्या उत्साहावर चाललंय. आणि टेक्स्ट बॉक्समध्ये 'क्षेत्र', 'दृष्टी' असं टाइप करून बघ, जोडाक्षरं तुटली तर समज टेक्स्टचं काम अर्धवट आहे. हसू नकोस, ही टेस्ट मी दरवेळी करते.

तर पूर्ण वेळ घालू नकोस, पण सोडूही नकोस. तीन-चार अर्धवट डेमोंपेक्षा एकच ॲप घे, समज चित्र काढायचं साधं ॲप, त्यात अनडू हवं, सेव्ह हवं, विंडो लहान-मोठी केली तरी चित्र फाटायला नको. अनडूवरच दोन आठवडे जातील, कारण तेव्हा कळतं की चित्र हे पिक्सेल म्हणून नाही तर "कुठली रेघ, कुठल्या रंगाची, कुठून कुठे" अशा यादीत ठेवायला हवं आणि स्क्रीन हा त्या यादीचा नुसता आरसा. तुझ्या लाडक्या लँग्वेजमध्येच कर, तिथे हात पटापट चालतात, चुका लवकर कळतात.

आणि ते झालं की तेच ॲप जावाएफएक्समध्ये परत लिही. यादी, अनडू, डेल्टा टाइम बहुतेक तसंच उचलता येईल, बाकीचं नव्याने शिकावं लागेल, आणि बाबांनी विचारलं काय करतोयस तर सरळ सांग, जावा करतोय.