बारशाआधी एका नव्या बापाला

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री अडीच वाजता तुझा फोन आला, तेव्हा तुझ्या आवाजापेक्षा मागचे आवाजच मला जास्त स्पष्ट ऐकू येत होते. पोट दुखत असेल, ओव्याचे पाणी द्या, असे कोणी म्हणत होते. आईचे दूध पुरत नाही, वरचे सुरू करा, असे दुसरे कोणी सांगत होते. तिसऱ्याला दृष्ट लागल्याची खात्री होती. या सगळ्यात सूनबाईचा आवाज मात्र एकदाही आला नाही. बाळाचे कपडे सोडून त्याला तिच्या छातीशी दे आणि खोलीतल्या बाकीच्या माणसांना झोपायला पाठव, एवढेच मी तुला सांगितले. अर्ध्या तासाने ‘झोपले’ असा तुझा निरोप आला. तेव्हा कारणे सांगण्याची वेळ नव्हती, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. गुरुवारी बारसे आहे. त्याआधी हे पत्र शांतपणे वाच आणि सूनबाईलाही वाचून दाखव.

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून मी ३१ वर्षे काढली. त्या काळात शेकडो घरांत मी हेच चित्र पाहिले: सल्ला देणारे दहा, बाळाकडे नीट पाहणारे कोणी नाही आणि बाळाचा बाप ओटीवर अवघडून उभा. तू तसा उभा राहू नकोस. पाजणे सोडून बाळाचे एकही काम असे नाही, जे तुला येणार नाही. शिवाय दोन कामे तर खास तुझीच आहेत. पहिले म्हणजे पाहून, मोजून लिहून ठेवणे आणि दुसरे म्हणजे घरात ठामपणे बोलणे.

सुरुवात दुधापासून करू, कारण रात्रीच्या निम्म्या रडण्याचा संबंध तिथेच जोडला जातो. दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवता येत नाही. ते लघवीवरून आणि वजनावरून ठरते. एव्हाना बाळाला २४ तासांत किमान ६ वेळा चांगली लघवी व्हायला हवी. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, अगदी दहा टक्क्यांपर्यंतही घटू शकते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते; त्यानंतर रोज २५ ते ३० ग्रॅमने वाढते. हे घडत असेल तर दूध पुरते आहे, मग शेजारपाजारचे काहीही म्हणोत. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागणार, हे आधीच धरून चाला. रात्रीचे पाजणे चुकवू नका, कारण रात्रीच्या चोखण्यानेच दूध टिकते आणि वाढते.

पाजताना मात्र बारकाईने पाहा. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलेला असावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतालच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा बाळाच्या तोंडात असावा. सूनबाईला पाजताना कळ येत असेल, तर ‘पहिल्यांदा असे होतेच’ म्हणून तिला सहन करायला लावू नका. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हलकेच आत सरकवायची, पकड सोडवायची आणि पुन्हा नीट धरायला लावायचे. दहा वेळा करावे लागले तरी चालेल. तिच्या पाठीला उशी दे, पाण्याचा तांब्या हाताशी ठेव आणि पाजून झाले की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर तू काढ.

पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीही द्यायचे नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब एवढाच त्याला अपवाद. गुटी नाही, मध नाही, ओव्याचे पाणी नाही, साधे पाणीसुद्धा नाही. नाशिकचा एप्रिल-मे तापला तरी पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. मध तर एक वर्षापर्यंत वर्ज्य आहे. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजले, तर त्यांच्या विषाने बाळाचे अंग लुळे पडते. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत तुमच्या घरात आहे, हे मला ठाऊक आहे. अंगठी बाळाच्या हाताला लावा, मध देवापुढे ठेवा.

इथे एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. माझा थोरला झाला तेव्हा मी नोकरीत होते आणि गुटी देऊ नका असे गावोगाव सांगत फिरत होते. घरी मात्र रोज सकाळी सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड असे एकेक वळसे उगाळले जायचे आणि मी समोर बसून पाहत राहायचे. वडीलधाऱ्यांपुढे माझे तोंड उघडले नाही, आणि त्याचे वडीलही गप्प राहिले. सहाण ओलसर, वापरून तशीच कोनाड्यात ठेवलेली. कोमट पाणी आदल्या रात्रीचे. चोविसाव्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत टाळू खोल गेली. पाच दिवस दवाखान्यात काढल्यावर मूल हाती लागले. त्यात माझी अवस्था काय झाली असेल, ते तू समजू शकशील. जाणती असूनही मी बोलले नाही, म्हणून तू बोलावेस असा माझा आग्रह आहे. बोलण्यासाठी भांडावे लागत नाही. ‘डॉक्टरांनी सहा महिने बंद ठेवायला सांगितले आहे आणि जबाबदारी माझी आहे’ एवढे वाक्य आईसमोर तू स्वतः उच्चार. सूनबाईने तेच म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो, तू म्हटलेस तर निर्णय ठरतो. हे न्याय्य नाही, पण आपल्या घरांत अजून तसेच आहे.

आता थंडीविषयी. या दिवसांत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो आणि पाथर्डी फाट्याकडच्या तुमच्या चौथ्या मजल्यावरही पहाटे गारठा असतो. बाळाला ऊब हवी, पण ती शेगडीची नको. बंद खोलीत निखारे ठेवले की वास नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ओवा, बाळंतशोपा, धूप यांची धुरी त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. बाळ गार पडले आहे का, हे पाहण्याची रीत साधी आहे. आपल्या हाताची मागची बाजू आधी त्याच्या पोटाला लाव आणि मग तळपायाला. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक आहे. पोट कोमट आणि पाय गार असतील तर त्याला थंडी लागते आहे; उघडे करून आईच्या किंवा तुझ्या उघड्या छातीशी धरायचे आणि वरून शाल घ्यायची. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर तसेच छातीशी धरून दवाखाना गाठायचा. आपण जितके कपडे घालतो त्याहून एक थर जास्त, एवढे त्याला पुरते. चार झबली आणि दोन दुपटी घालून मान ओली होईपर्यंत गुंडाळले, तर त्या उबेनेच ताप आल्यासारखे वाटते.

झोपवायचे ते उताणेच, सपाट आणि घट्ट गादीवर. राईची उशी काढून ठेवा. डोके गोल होण्याची काळजी करू नका. मऊ गोधडी, खेळणी, तोंडाजवळ येणारे दुपटे, काही नको. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोळीतले बाळ नजरेआड होऊ देऊ नका. नाळेला काही लावायचे नाही, ती कोरडी ठेवायची. नाकाकानात तेल घालायचे नाही आणि डोळ्यांत काजळ तर मुळीच नाही, कारण त्यात शिसे असू शकते.

धोक्याच्या खुणा मात्र पाठ कर. बाळ दूध ओढेनासे झाले, हाका मारूनही मलूल पडले, झटके आले, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, नाळेतून पू आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा काखेत थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. पिवळेपणा कोवळ्या उन्हाने जातो, हा भ्रम आहे. श्वास मोजताना बाळ शांत असावे आणि सेकंद काटा पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोज. तेवढेच आले तर निघ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बेताच्या शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना असा श्वास मोजायला शिकवले, नवजात बाळांचे मृत्यू त्यातून किती कमी झाले हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात त्यामागे तेच काम आहे. त्यांना दारातून परत पाठवू नकोस. रात्री कुठे जायचे, हे आजच ठरवून ठेव. टाक्यांच्या बाळंतिणीला आणि तान्ह्याला स्कूटरवर बसवायचे नाही. रिक्षावाल्याचा नंबर लिहून ठेव, आणि १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, हे लक्षात असू दे.

बारशाला तुमच्याकडे साठ माणसे येणार. दाराजवळ साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेव. हात धुतल्याशिवाय कोणीही बाळ घेणार नाही आणि कोणीही पापा घेणार नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी पाळण्याला लांबूनच नमस्कार करावा. कान टोचण्याची घाई नको. आणखी एक: घुगऱ्या वाटताना लहान मुलांकडे लक्ष ठेव. दिंडोरीकडच्या एका बारशात चार वर्षांच्या बहिणीने सगळ्यांची पाठ वळताच, अगदी मायेने, शिजलेला हरभरा पाळण्यातल्या बाळाच्या ओठांत सरकवला होता. तो ओठांवरच दिसला म्हणून मी उचलू शकले. पाहुणे या हंगामात द्राक्षांची पेटी आणतील. धुऊन ती बाळंतिणीला खुशाल द्या, ‘थंड’ म्हणून तिच्यापासून लपवू नका, पण पाळण्याजवळ ठेवू नका.

शेवटी सूनबाई, जिच्याविषयी परवा कोणीच विचारले नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, सगळे चांगले आहे, पण सोबत रोजचे पूर्ण जेवण आणि हवे तेवढे पाणी तिला मिळाले पाहिजे. टाके सुकावेत म्हणून पाणी तोडणे चुकीचे आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुढचे सहा महिने चुकवू नयेत. एका तासात पॅड भिजावा इतका रक्तस्राव, ताप, पोटरीत दुखणे-सूज, असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तरी तिला डॉक्टरांकडे न्यायचे. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे नेहमीचे आहे. त्यानंतरही तिचे मन उभारी घेत नसेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, तर तो तिचा स्वभाव नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तिला दिवसातून एकदा सलग तीन-चार तास झोप मिळेल, अशी व्यवस्था तूच कर. आणि रडणे ऐकून कधी तुझेच भान सुटू लागले, तर बाळाला कधीही हलवू-झिंजोडू नकोस; गादीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटे गॅलरीत जा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वांत वाढते आणि पुढे ओसरत जाते, हे तुला आत्ताच माहीत असलेले बरे.

कागदपत्रांचे थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत होते. महापालिकेत गेलेल्या माहितीत तुम्हा दोघांच्या नावांची अक्षरे तपासून घे, बाळाचे नाव नंतरही घालता येते. माता-बाल संरक्षण कार्डावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या जन्मावेळच्या लसींची नोंद आहे का ते पाहा. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी. तारखा कॅलेंडरवर आजच लिही. बीसीजीच्या जागी महिनाभराने फोड येईल, त्याला काही लावू नका.

बारशाच्या आदल्या दिवशी मी दुपारच्या बसने नाशिकच्या द्वारका चौकात उतरते आहे. तोपर्यंत एका साध्या वहीत पाजण्याची वेळ, लघवी, शी आणि पोट-तळपाय कसे लागले ते लिहून ठेव. वजनाचा काटा मी बरोबर आणते आहे.

तुझी,
मावशी