पहिलं मराठी गाणं काढताय? आधी कागद, मग माईक

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात मानपाड्याच्या बाजूला राहणाऱ्या दोघी मैत्रिणी. एक लिहिते आणि चाल लावते, दुसरी गाते. पाच गाणी तयार आहेत. ओळखीतला एक स्टुडिओवाला म्हणतोय, "पैशांचं नंतर बघू, गाणं आपल्या चॅनलवर टाकू." त्याच्याकडे करावं की घरी, आणि कार्यक्रम घेताना काय सांभाळावं?

त्या "नंतर बघू"पासूनच सुरुवात करते. कायद्याच्या नजरेत एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन लिहिणारीच्या. ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, आणि ते घडवून आणण्याचा पुढाकार व जबाबदारी ज्याने घेतली तो निर्माता. स्टुडिओने फुकट करून स्वतःच्या चॅनलवर टाकलं, तर उद्या तो 'निर्माता मीच' म्हणू शकतो आणि तुमच्या हातात दाखवायला काही नसतं. म्हणून कमी का होईना, पैसे द्या, आणि गाण्याचं नाव लिहिलेलं बिल स्वतःच्या नावाने घ्या. हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. करारात कोणी 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द घातले असतील तर ते मुद्दाम घातलेत असं समजा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो गोळा होण्यासाठी लिहिणारीने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं.

तुमच्या दोघींतही एक पानाचा कागद हवा. गाणारीला कलाकार म्हणून हक्क असतात, पण शब्द-चालीत वाटा आपोआप मिळत नाही. कोणाचा किती टक्के ते आत्ता, सगळं गोड असतानाच लिहून दोघींनी सही करा.

पाचातलं एक गाणं जनाबाईंच्या अभंगावर आहे असं तुम्ही लिहिलंय. शब्द मोकळे आहेत, पण कानावर बसलेली चाल कुठल्यातरी संगीतकाराची असते आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. चाल स्वतःची लावा.

आता रेकॉर्डिंग. आवाज घरी करा, मिक्सिंगवर, म्हणजे आवाज आणि वाद्यं नीट एकत्र बसवण्यावर, पैसे घाला. कंडेन्सर माईकचा मोह टाळा. उघड्या भिंतींच्या खोलीत तो पंखा, लिफ्ट, शेजारचा मिक्सर सगळं पकडतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत चरचरायलाही लागतो. एसएम ५८ सारखा डायनॅमिक माईक आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारा डबा) पुरतो. रस्त्यापासून लांबची खोली निवडा. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर रात्र शांत असेल असं गृहीत धरू नका, अवजड गाड्या तेव्हाच धावतात. गाणारीच्या पाठीमागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड रजया टाका. लोक माईकच्या मागे टाकतात आणि चुकतात, कारण माईकचं तोंड गाणारीकडे असतं, तो तिच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज घेतो. माईक तोंडापासून चार बोटं, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे प-फ म्हणताना येणारा वारा अडवणारी जाळी. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. आवाज सगळ्यात मोठा होतो त्या जागेला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या, शून्याला टेकला की तो टेक गेला.

मिक्सिंगवाल्याकडून शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मास्टरची (अंतिम तयार गाण्याची) वेव्ह फाइल, आवाजाशिवायचा ट्रॅक आणि प्रत्येक वाद्याची सुटी फाइल घ्या. सगळ्या फायली एकाच शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या हव्यात आणि लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके) ते लिहिलेलं हवं. नुसती एमपीथ्री घेऊन घरी आलात तर सहा महिन्यांनी स्टेजवर वाजवायला ट्रॅक नसतो आणि पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं.

वितरकाकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं प्रकाशनाच्या चार आठवडे आधी चढवा. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर किमान ७ दिवस आधी. नावाचं स्पेलिंग प्रत्येक वेळी तेच ठेवा, नाहीतर तुमची दोन प्रोफाइल तयार होतात.

कार्यक्रमात खरी अडचण साउंडची. आपल्याकडचे साउंडवाले कराओके आणि ऑर्केस्ट्रावर तयार झालेले, त्यामुळे इको आधीच भरपूर लावलेला असतो. नम्रपणे पण स्पष्ट सांगा: इको बंद, थोडा रिव्हर्ब (खोलीसारखी हलकी गुंज) चालेल, लो-कट (खालचे जाड आवाज कापणारी सोय) १०० हर्ट्‌झवर. काळी चारमध्ये गाणारीचा सा २०८ हर्ट्‌झच्या आसपास आणि मंद्र पंचम १५५ च्या आसपास असतो, म्हणजे १०० च्या खाली आवाजाचं काही जात नाही, फक्त स्टेजची घरघर जाते. आवाज टोचत असेल तर ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करायला सांगा. पूर्ण ट्रेबल खाली केला तर मराठीतले च-ज गिळले जातात. मॉनिटर, म्हणजे गाणारीला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, एसएम ५८ तिथलं सगळ्यात कमी ऐकतो. तोच माईक, केबल आणि डीआय बॉक्स (वाद्य साउंड सिस्टमला जोडणारा छोटा डबा) स्वतःचे न्या.

आयोजकाची मान्यता मेसेजवर लेखी घ्या: अर्धे पैसे आगाऊ, साउंडचेकची वेळ, आणि स्टेजवर जायची वेळ. ही शेवटची सोडू नका. उघड्यावर स्पीकर रात्री १० ला बंद होतात, आणि कार्यक्रम लांबला की कापली जाते ती नवख्या मुलींची वेळ. 'रात्री ९:४५' असं कोणी म्हणालं तर ८ मागा. वाशी किंवा बेलापूरच्या कार्यक्रमाहून वाद्यं घेऊन ठाण्याला रात्रीच्या लोकलने येण्याचा हिशेब करू नका, परतीची गाडी मानधनाच्या आकड्यातच धरा. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का, हेही आधीच विचारा, संकोच नको. पोस्टरवर घरचा नंबर जाऊ देऊ नका, कामासाठी वेगळं सिम घ्या, आणि ते दोघींपैकी एकीनेच सांभाळावं, म्हणजे दोन वेगळे आकडे बाहेर जात नाहीत.