मुलाला घेऊन हैदराबादला जाऊ का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी मनीषनगरला राहते. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या कुटुंब न्यायालयात आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. ताबा माझ्याकडे. दर रविवारी दहा ते पाच तो बाबांकडे जातो. दिवाळीची अर्धी आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी तिकडे, असं तडजोडीत लिहिलेलं आहे. मुलाच्या खर्चाचे महिन्याला नऊ हजार ते देतात. बुटीबोरीत मी ज्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, तो विभाग आता बंद होतोय आणि मला हैदराबादला पाठवताहेत, पगार वाढवून. नाही म्हटलं तर नोकरी जाते. माझी आई सोबत यायला तयार आहे. मुलाच्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शहर सोडलंस तर ताबा मागीन आणि एक रुपया देणार नाही. तिकडे पोरगं तेलुगू बोलायला लागेल, माझ्या आईशी दोन शब्द बोलता येणार नाहीत त्याला." जूनमध्ये रुजू व्हायचंय. माझी बहीण म्हणते, आधी जा, शाळेत नाव घाल, मग कोर्टकचेऱ्या होत राहतील. काय करू?
— एक आई, नागपूर

उत्तर : बहिणीचा सल्ला मायेपोटी आहे, पण तो ऐकू नका. तुमची बाजू चांगली आहे आणि ती बिघडवायला एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

मागे माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. अशाच न विचारता मुलाला घेऊन सुरतेला गेल्या होत्या. नोकरी खरी होती, कारण खरं होतं. पण वडिलांचा अर्ज आधी आला आणि न्यायालयासमोर चित्र उभं राहिलं ते "पळवून नेलं" असं. निकाल लागेपर्यंत मुलाला नागपुरात आणा, असा अंतरिम आदेश झाला. पोरगं सहामाही परीक्षेच्या तोंडावर तिथली शाळा सोडून परत आलं आणि इथल्या जुन्या शाळेतली त्याची जागा भरून गेलेली होती. त्या वर्षी त्या मुलाचं जे झालं, ते अर्ज आधी केला असता तर टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा आणि त्याला जोडलेल्या तडजोडीच्या अटी काढा. सहीशिक्क्याची नक्कल नसेल तर नकलेसाठी अर्ज द्या, ती नव्या शाळेतही लागेल. अटींमध्ये "मुलास न्यायालयाच्या परवानगीशिवाय नागपूरबाहेर वास्तव्यास नेणार नाही" अशा अर्थाची ओळ आहे का बघा. आमच्याकडच्या पुष्कळ तडजोडींत ती असते. सही करताना कोणाचं तिच्याकडे लक्ष जात नाही, कारण तेव्हा सगळा जीव रकमेत आणि रविवारात अडकलेला असतो. ती ओळ असेल तर परवानगी घ्यावीच लागेल, न्यायालयाला दिलेली हमी मोडणं महागात पडतं. आणि नसली तरी दर रविवारची भेट आदेशात आहेच. हैदराबादला राहून रविवारी सकाळी दहाला मुलाला बाबांच्या दारात उभं करणं शक्य नाही, म्हणजे तुम्ही तिकडे गेलात की त्याच आठवड्यापासून आदेशाचा भंग सुरू.

परवानगी मिळते का? मिळते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दलचे आदेश न्यायालय घटस्फोटानंतरही वेळोवेळी बदलू शकतं. अर्ज करायचा तो जिथे हुकूमनामा झाला तिथेच, म्हणजे नागपूरला. २०१० मध्ये विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास तुमच्यासारखीच परिस्थिती होती. संमतीने घटस्फोट, ताबा आईकडे, भेटी वडिलांना, आणि आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात, मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, असं सांगून न्यायालयाने आईला मुलासह जाऊ दिलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका आईला मुलीसह पोलंडला नोकरीवर जायची परवानगी दिली. तिथे परदेशाचा प्रश्न होता, तुमचं तर हैदराबाद आहे, नागपूरहून जेमतेम पाचशे किलोमीटर.

पण या निकालांच्या जोरावर न्यायालयात जाऊ नका. न्यायाधीश तुमच्या नोकरीबद्दल फार विचारणार नाहीत. ते विचारतील, "बापाला मुलगा कसा भेटणार?" या प्रश्नाचं लिहिलेलं, तारखांसकट उत्तर अर्जासोबत जोडा. माझ्या अनुभवात अशा अर्जांचा निकाल बहुतेक याच एका कागदावर फिरतो. तो वकिलावर सोडू नका, स्वतः बसून करा.

त्यात सर्वांत मोठी अडचण सुट्ट्यांची आहे. तुमच्या तडजोडीत "दिवाळीची अर्धी सुट्टी" आहे. आपल्याकडे दिवाळीला शाळांना दोन आठवड्यांच्या आसपास सुट्टी असते. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्मा या तिथल्या फुलांच्या सणाच्या दिवसांत, आणि नंतर थोडी संक्रांतीला. दिवाळीला तिथे एखाद-दोन दिवसच. म्हणजे जुनी अट तशीच ठेवली तर मुलाच्या बाबांच्या वाट्याला अर्धा दिवस येईल आणि ते म्हणतील की ही फसवणूक आहे, आणि त्यांचं बरोबर असेल. उन्हाळ्याचंही तसंच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तिथल्या साधारण १२ जूनच्या सुमारास. तेव्हा ज्या शाळेत नाव घालायचं ठरेल तिचं सुट्ट्यांचं पत्रक आणा आणि प्रस्ताव असा लिहा : दसऱ्याची सुट्टी जवळजवळ पूर्ण बाबांकडे, संक्रांत आलटून पालटून, उन्हाळ्याची अर्ध्याहून जास्त बाबांकडे, दिवाळीला लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एका वर्षी तुमच्याकडे, एका वर्षी त्यांच्याकडे. तान्ह्या पोळ्याला तो दरवर्षी लाकडी बैल घेऊन आजीच्या गल्लीत फिरत असेल, तर तो दिवसही लिहा. न्यायाधीशांना ती ओळ दिसली पाहिजे. या आईला मुलाचं नागपूर तोडायचं नाही, हे त्यातून कळतं.

महिन्यातून एक शनिवार-रविवार बाबा हैदराबादला येणार किंवा तुम्ही मुलाला आणणार, हे ठरवा. प्रवासखर्च कोणाचा तेही लिहा. जागा तुम्ही बदलता आहात, तेव्हा नागपूरला येण्याजाण्याचा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवलीत तर फार फरक पडतो. सिकंदराबादची वंदे भारत सव्वासात तासांच्या आसपास पोचवते, रात्रीच्या गाड्याही आहेत. आणि रोज व्हिडिओ कॉल. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की आईवडील वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तेव्हा नुसती भेट पुरत नाही, ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. वेळ ठरवून लिहा, उदाहरणार्थ रात्री आठ. त्या वेळी फोन चार्ज केलेला असावा आणि खोलीत तुम्ही नसाव्यात.

तेलुगूची भीती हसण्यावारी नेऊ नका. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची आहे, तेव्हा मुलगा ती शिकेलच. पण घरात तुमची आई असणार आहे. ती त्याच्याशी मराठीत बोलणार, मराठी वाचून घेणार, हे अर्जात मांडा. शाळेतून आल्यावर मुलाजवळ कोण असेल, याचं उत्तर म्हणूनही आईचं सोबत असणं मोलाचं आहे. आईचं एक छोटं शपथपत्र जोडा.

ताबा मागण्याचा हक्क मुलाच्या बाबांना आहे आणि ते मागू शकतात. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे मुलाचं कल्याण हीच कसोटी, आणि इतकी वर्षं ज्याच्याकडे तो वाढला तिथून त्याला काढायला "आई शहर सोडतेय" एवढं कारण सहसा पुरत नाही. मात्र दर रविवारी न चुकता येणारा बाप ही त्यांची भक्कम बाजू आहे. ती नाकारू नका. उलट अर्जातच लिहा की ते नियमित भेटतात आणि मुलाचा त्यांच्यावर जीव आहे. असं लिहिणाऱ्या आईवर न्यायालयाचा विश्वास बसतो. नऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश किंवा समुपदेशक एकट्याने बोलण्याची शक्यता आहे. त्याला काहीही पढवू नका. मुलं पढवलेलं बोलतात ते लगेच कळतं, आणि मुलाला त्या खोलीतून बाहेर आल्यावर दोघांपैकी एकाला फसवल्यासारखं वाटत राहतं.

पोटगीचं थोडक्यात. ते नऊ हजार मुलाचे आहेत, तुमच्या पत्त्याचे नाहीत. भेटी कमी झाल्या म्हणून खर्च थांबवता येत नाही, आणि खर्च थांबला म्हणून तुम्हालाही भेट अडवता येणार नाही. दिले नाहीत तर नागपूरलाच दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. त्यांची नोकरी आणि पगार इथेच असेल तर वसुलीही इथेच सोपी. थकबाकी वर्षानुवर्षं साचू देऊ नका. रक्कम वाढवून मागायची असेल तर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात ते देशभर लागू केलं, आणि तो खटला मुळात आपल्या नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातून गेलेला आहे. तुमचा वाढलेला पगार त्यात दिसेल. मुलाच्या खर्चातला तुमचा वाटा त्यामुळे थोडा वाढू शकतो, बापाचा शून्य होत नाही. माझं मत विचाराल तर स्थलांतराच्या अर्जात आत्ता रकमेची मागणी घालू नका. दोन भांडणं एकत्र गुंफली की दोन्ही लांबतात.

आता वेळ. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते, तातडीचीच कामं चालतात. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा, बदलीचं पत्र आणि शाळेची माहिती जोडा, आणि जूनपूर्वी अंतरिम परवानगी मिळावी अशी स्वतंत्र विनंती करा. त्याआधी हा प्रस्ताव मुलाच्या बाबांना एकदा वाचायला द्या, जमलं तर दोघांच्या ओळखीच्या मोठ्या माणसासमोर. ते तयार झाले तर दोघांच्या सहीने सुधारित अटी दाखल करा, काम खूप लवकर होतं. "बरं, जा" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार घेऊन मात्र निघू नका. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मदतीचा क्रमांक १५१००.

प्रश्न : मॅडम, माझी बायको भांडून दोन महिन्यांपूर्वी चार वर्षांच्या मुलीला घेऊन रायपूरला माहेरी गेली. घटस्फोट नाही, केस नाही. फोन उचलत नाहीत. मी रायपूरला जाऊन मुलीला घेऊन आलो तर चालेल का? मी पैसे पाठवणं बंद केलं आहे.
— एक बाप, नंदनवन, नागपूर

उत्तर : दादा, मुलीला उचलून आणू नका. चार वर्षांची मुलगी आईच्या हातून ओढली जाते तेव्हा तिला काय वाटतं, याचा आधी विचार करा. शिवाय पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच असावं असं कायदा सांगतो, आणि अशी ओढाताण झाली तर पुढच्या प्रत्येक तारखेला ती तुमच्याविरुद्ध वाचली जाईल.

तुम्ही भेटीचा हक्क मागा. १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा असतो. मुलगी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नंदनवनात वाढली, तिची बालवाडी इथे होती, तर नागपूरला अर्ज करायला आज तुमच्याकडे आधार आहे. रायपूरला तिचं शाळेत नाव लागून वर्ष उलटलं की तो आधार कमी होत जातो. बालवाडीची पावती, लसीकरणाचं कार्ड, जे असेल ते गोळा करा. पत्नीने रायपूरला अर्ज केला तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला हलवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे बहुधा पत्नीची सोय आधी पाहिली जाते. म्हणून समेटाचा प्रयत्नही याच महिन्यात करा. सासऱ्यांशी बोलता येत असेल तर आधी त्यांच्याशी बोला, मुलीला घ्यायला नाही, भेटायला येतो म्हणून.

आणि पैसे आजपासून परत सुरू करा. बँकेतून पाठवा, रोख नको, आणि शेऱ्यात मुलीच्या खर्चासाठी असं लिहा. बंद ठेवलेल्या दोन महिन्यांचेही त्यातच द्या.