थायलंडमध्ये हत्तींच्या केंद्रावर आठवडाभर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. चांगलं केंद्र कसं ओळखावं? काम काय असतं? हत्तींना आंघोळ घालायला मिळते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. हत्तीला हात लावायची संधी जितकी कमी, तितकं केंद्र चांगलं. पर्यटकांच्या तुकड्या ठरलेल्या वेळी पाण्यात उतरणार असतील, तर हत्तीलाही त्याच वेळी उतरावं लागतं, इच्छा असो वा नसो. अनोळखी माणसांच्या गराड्यात तो शांत उभा राहतो तो अंकुशाच्या धाकाने. जानेवारी २०२५ मध्ये कोह याओ बेटावर आंघोळ घालतानाच हत्तीच्या हल्ल्यात एका स्पॅनिश तरुणीचा जीव गेला.

थायलंडने १९८९ साली जंगलातल्या लाकूडतोडीवर बंदी आणली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. पुढे सवारीवर टीका वाढली, तेव्हा बऱ्याच कॅम्पवाल्यांनी हत्तीच्या पाठीवरचा हौदा उतरवून दारावर 'सँक्चुअरी', म्हणजे आश्रयस्थान, असं लिहिलं. म्हणून पाटीवर जाऊ नका, ईमेल करून विचारा. हत्ती कुठून आले? रात्री कुठे असतात, साखळी किती लांब असते? पिल्लं किती, आणि ती इथेच जन्मली का? दरवर्षी नवं पिल्लू दिसत असेल, तर ते पर्यटकांसाठीच जन्माला घातलं जातंय असं समजा. गोलमोल उत्तर आलं तर ते केंद्र सोडा. नुसती साखळी दिसली म्हणून मात्र केंद्राचं नाव खोडू नका. माजावर आलेल्या नराला मोकळं ठेवता येत नाही.

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माई शहराच्या उत्तरेला मे तेंग भागात 'एलिफंट नेचर पार्क' आहे. तिथे सवारी नाही, खेळ नाहीत. आठवड्याचे सुमारे १२ हजार बाथ (थाई चलन) लागतात, त्यात राहणं-जेवण आलं. चालू दर त्यांच्याकडूनच घ्या. जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळांची मोठी काळजी मिटते.

काम म्हणजे वैरण आणि लीद. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास ओला चारा खातो आणि त्यातलं निम्मंही पचत नाही, तेव्हा सकाळ फावडं आणि ढकलगाडीवर जाते. मका किंवा गवत कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच; पात्यांनी हात चिरतात आणि घामाने दिवसभर चुरचुरतात. भारे सोडताना प्लास्टिकची दोरी मोजून बाजूला काढा. चाऱ्यातून ती पोटात गेली तर आतडं अडू शकतं. गरम लागणारा किंवा बुरशीचा वास येणारा भारा वेगळा ठेवून माहुताला दाखवा.

दुपारी कलिंगडं, भोपळे, केळी यांचा ट्रक रिकामा करायचा. फळांवर फवारणी झालेली असते, म्हणून ती हौदात घासून धुतात. मग टोपल्या भरायच्या, आणि इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की त्याला चावता येत नाही. अशा म्हाताऱ्या हत्तीणींसाठी भोपळा सोलून, पिकली केळी आणि शिजवलेला भात एकत्र मळून मोठे गोळे करतात. त्यांच्या टोपलीत चुकून सालासकट तुकडे गेले, तर घास अडकतो किंवा पोट धरतं. नावाची पाटी दोनदा वाचा. घाईत टोपल्यांची अदलाबदल सहज होते.

हत्तीच्या मागे उभं राहू नका, दोन हत्तींच्या मध्ये जाऊ नका. आंधळ्या हत्तीजवळ माहुताने आधी आवाज दिल्याशिवाय पाऊल टाकू नका. शेपूट ताठ झाली, कान ताणले गेले आणि हत्ती एकदम स्तब्ध झाला, की न धावता बाजूला व्हा. फळ सोंडेच्या टोकाशी धरा, तोंडात घालायला जाऊ नका.

खोकला रेंगाळत असेल तर जाण्याआधी तपासून घ्या, कारण माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो. धनुर्वात, हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोला. रेबीजची आगाऊ लसही घ्यावी असं माझं मत आहे. एलिफंट नेचर पार्कमध्येच शेकडो कुत्री सांभाळलेली आहेत. गमबूट, जाड हातमोजे आणि डासांचं मलम सोबत न्या, डेंग्यू तिकडेही आहे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर चिआंग माईवर बसतो, दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊच नये. पावसाळ्याच्या शेवटी पूर येतो. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात याच पार्कमधल्या दोन हत्तिणी दगावल्या.

तिकीट काढण्याआधी केंद्राकडून लेखी घ्या की तुमच्या व्हिसावर हे काम चालतं. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागू शकतं. प्रवास विम्यात प्राण्यामुळे झालेली इजा धरली आहे का, हेही एजंटला त्याच वेळी विचारा.