जाडीची मर्यादा वाचताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

12 मिलिमीटरच्या कूपनवर, म्हणजे चाचणीसाठी जोडलेल्या नमुना तुकड्यावर, पात्र ठरलेली डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसे करायचे ते सांगणारी लेखी प्रोसीजर) किती जाडीच्या कामाला चालते, असे तू विचारले आहेस. एएसएमई सेक्शन नऊ या वेल्डिंग पात्रतेच्या अमेरिकी मानकातल्या तक्त्यानुसार उत्तर 5 ते 24 मिलिमीटर असे येते. पण तेवढे उत्तर घेऊन तू कामावर जाऊ नयेस, असे मला मनापासून वाटते, कारण एकाच प्रोसीजरला जाडीच्या अनेक मर्यादा एकाच वेळी लागू असतात आणि त्यांतली सर्वांत अरुंद असेल तीच खरी धरावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे बेस मेटलची (जोडायच्या मूळ धातूची) जाडी आणि भरलेल्या वेल्ड मेटलची जाडी यांचा हिशेब वेगळा ठेवायचा. समज, त्या कूपनमध्ये 3 मिलिमीटर टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या वेल्डिंगने) आणि उरलेले 9 मिलिमीटर आर्कने (काडीच्या वेल्डिंगने) भरले होते. मग टिगने जास्तीत जास्त 6 आणि आर्कने 18 मिलिमीटर भरता येईल, आणि यात वरचा फुगवटा मोजायचा नाही. 20 मिलिमीटरच्या प्लेटवर कोणी टिगने 8 मिलिमीटर भरले, तर प्लेट मर्यादेत असूनही ते काम त्या पीक्यूआरच्या (कूपनच्या चाचणीच्या नोंदपत्राच्या) आधाराबाहेरचे ठरते. म्हणून पीक्यूआर लिहितानाच प्रत्येक प्रोसेसने किती भरले ते मोजून नोंदव. नंतर अंदाजाने ते आकडे भरता येत नाहीत.

वरची मर्यादा सगळे पाहतात, खालची बरेचदा सुटते. 10 मिलिमीटरचे कूपन 1.5 ते 20 मिलिमीटरपर्यंत चालते, पण 12 मिलिमीटरचे कूपन 5 मिलिमीटरच्या खाली उतरत नाही, त्यामुळे 4 मिलिमीटर जाडीच्या पाइपला ते निरुपयोगी आहे. यामागे धातूचे वागणे आहे. जाड प्लेट उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि वेल्डलगतचा पट्टा कडक होण्याचा धोका वाढतो. पातळ प्लेटमध्ये उष्णतेला पसरायला जागा नसते, ती रेंगाळते आणि कण मोठे होऊन चिवटपणा घटतो.

म्हणूनच इम्पॅक्ट टेस्ट (चिवटपणा पाहणारी आघात चाचणी) मागितलेली असली की खालची मर्यादा सामान्यतः वर सरकते: कूपनची जाडी किंवा 16 मिलिमीटर, यांपैकी जी कमी ती. तुझे 12 चे कूपन मग 12 ते 24 एवढ्यापुरतेच उरते, आणि 25 चे कूपन 16 ते 50 पर्यंत चालते. हा फरक माझ्या मते सर्वांत जास्त नडतो, कारण इम्पॅक्टची अट सेक्शन नऊमध्ये नसून बांधकामाच्या कोडमध्ये किंवा ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये असते आणि तक्ता पाहणाऱ्याच्या नजरेसमोर ती नसते. वरच्या बाजूलाही असे अपवाद आहेत: एखादा पास (वेल्डचा एका फेरीत भरलेला थर) 13 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा 13 पेक्षा पातळ कूपनवर शॉर्ट सर्किट पद्धतीचे मिग (सलग सरकणाऱ्या तारेचे वेल्डिंग) वापरले असेल, तर दुपटीऐवजी कूपनच्या जाडीच्या 1.1 पटीवरच थांबावे लागते.

व्यासाबद्दल थोडक्यात सांगतो. सेक्शन नऊमध्ये प्रोसीजरला व्यासाची अट नाही. प्लेटवर पात्र ठरलेली प्रोसीजर पाइपलाही चालते. व्यासाची मर्यादा तिथे वेल्डरला असते: ग्रूव्ह वेल्डसाठी (दोन कडांमधल्या खाचेत भरलेल्या वेल्डसाठी) 25 ते 73 मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपवर चाचणी दिलेला वेल्डर 25 आणि त्यापुढचे पाइप जोडू शकतो, त्याहून मोठ्या पाइपवर चाचणी दिलेला 73 आणि त्यापुढचे. आयएसओ 15614-1 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या चाचणीच्या दुसऱ्या स्तरावर मात्र प्रोसीजरलाच व्यास लागू होतो आणि चाचणीच्या पाइपच्या निम्म्या व्यासाखाली जाता येत नाही. त्यामुळे मर्यादा सांगण्याआधी कोणते मानक लागू आहे ते विचारून घे.

कूपन निवडताना भंगारात पडलेला तुकडा उचलू नकोस. आधी ड्रॉइंगमधली सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड जोडणी काढ, इम्पॅक्टची अट पाहा, मग जाडी ठरव. जाड काम येणार असेल तर 38 मिलिमीटरचे कूपन घ्यायचा आग्रह धर, कारण तिथून बेस मेटलची मर्यादा थेट 200 मिलिमीटरपर्यंत जाते; मात्र वेल्ड मेटललाही ती मिळावी यासाठी मुख्य प्रोसेसने किमान 19 मिलिमीटर भरलेले असू दे. सध्याच्या कामातल्या जोडण्यांची यादी मला पाठव, कूपन आपण मिळून ठरवू.

तुझा हितचिंतक